गोष्टीतला चहाडखोर

सर रोज संध्याकाळी बॉलातली हवा काढून ठेवत. शाळेचा बॉल एकच. खेळ संपला की तो बगलेत मारून ते घरी नेत, सुई घालून हवा सोडून देत आणि तो चपटा गोळा तांदळाच्या पिंपात टाकून वर झाकण, झाकणावर पाटा. सकाळी सायकलच्या पंपाने पुन्हा भरत. मी एकदा विचारलं, सर, रोजचा हा उपद्व्याप कशाला? तर म्हणाले, "हवा भरललो बॉल कोणाचोय जाता रे. हवा काढललो फक्त माझो." आता आमच्या देवबागेत तो बॉल चोरणार कोण आणि चोरून खेळणार कुठे? एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळूची पट्टी. पण सरांना हे सांगून उपयोग नसे.

ते आमच्या हायस्कुलात पीटीला होते. किरिस्तांव, आईकडून गोव्याचे. उंच, हडकुळे, गळ्यात कायम शिट्टी. रविवारी चर्चला जातानासुद्धा ती सदऱ्याच्या आत असायची, कारण कुठे काय फाऊल होईल सांगता येत नाही. लग्न केलं नाही. कोणी विषय काढलाच तर "घरात एक रेफ्री पुरे" एवढंच उत्तर. सगळा गाव त्यांना 'आयरिश सर' म्हणायचा. का म्हणायचा ते सांगतो, पण आधी माझं सांगतो, कारण माझं सांगितल्याशिवाय सरांचं कळायचं नाही.

मी त्यांचा विद्यार्थी. लेफ्ट विंगला खेळायचो. आता देवबागेतच चार खोल्यांचं होमस्टे चालवतो, आणि पाहुणा कितीही गोड बोलला तरी आधार कार्ड बघितल्याशिवाय किल्ली देत नाही. बायको म्हणते, तुमचा संशय म्हणजे एक रोग आहे. असेल. पण तो मला उगाच लागलेला नाही. मी एकोणीस वर्षांचा असताना माझ्याविरुद्ध कोणीतरी ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, एक निनावी पत्र धाडलं आणि माझा खेळ संपला. पुढची बावीस वर्षं मला या जगात एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: ते पत्र कोणी लिहिलं.

सर गेल्या वर्षी गेले. गावात लोक त्यांच्याबद्दल आता फार चांगलं बोलतात, माणूस गेल्यावर बोलतात तसं. मला ते गुळचट बोलणं जमत नाही. मी त्यांना जवळून पाहिलंय.

बाजारात मासे घ्यायला आले की मासेवाल्या बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. सर बांगडा उचलणार, त्याचे कल्ले उघडून बघणार, डोळ्यात बोट घालणार, हे सगळेच करतात. पण सर पुढे विचारायचे, हा कोणत्या होडीचा, जाळं कोणाचं, किती वाजता लागला, सोबत अजून कोण होतं. एकदा एक बाई वैतागून म्हणाली, "मास्तरांनू, माशाक मतदार कार्ड काडूक लावू काय?"

"काड," सर म्हणाले. अगदी गंभीरपणे.

आमच्या पट्ट्यात मे महिन्यात गावागावांच्या फुटबॉलच्या स्पर्धा होत. नियम दोनच. खेळणारा त्याच गावचा पाहिजे, आणि पैसे घेऊन खेळणारा नको. साहजिकच प्रत्येक गाव गोव्यातून एखादा तयार खेळाडू गुपचूप आणायचा आणि कोणाचा तरी भाचा म्हणून मैदानात उभा करायचा. रेफ्री सर. सामना सुरू होण्याआधी ते दोन्ही संघांना ओळीत उभे करत आणि अनोळखी तोंड दिसलं की एकच प्रश्न विचारत, "शाळेसून तुज्या घराक जाताना पयली बाव कोणाची?" आता विहीर काय, ती गावातल्या माणसालाच ठाऊक असणार. निम्मे भाचे तिथेच गळायचे.

एका वर्षी शेजारच्या गावाचा गोलकीपर बरोबर उत्तर देऊन बसला. विहिरीचं नाव सांगितलं, तिच्या मालकाचं सांगितलं, मालकाच्या बापाचंही सांगितलं. सरांना ते जरा जास्तच वाटलं. त्यांनी शिट्टी मारून सामना थांबवला, अजून सुरू झालाच नव्हता तरी, आणि म्हणाले, "चल, घर दाखय." तो पुढे, मागे सर, त्यांच्यामागे दोन्ही संघ, त्यांच्यामागे बघायला आलेले दीडदोनशे लोक. उन्हात पाऊण तास चाललो. एका अंगणात तो शिरला, तर ओसरीवरची म्हातारी लगेच म्हणते, "इलंस रे पुता? पेज घेतलंस?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मागच्या दारातून एक काळा कुत्रा आला आणि त्या गोलकीपरच्या पोटरीलाच धरायला धावला. सरांनी खिशातून वही काढली, त्याचं नाव लिहून त्यावर काट मारली. "म्हातारेक शिकवूक येता," म्हणाले, "कुत्र्याक येणा नाय."

म्हातारी मागून ओरडत राहिली की हा कुत्रा तिच्या सख्ख्या मुलावरही भुंकतो, कारण तो घरी येतो तो पिऊनच. सरांनी ऐकलं नाही. माझा आजही संशय आहे की तो गोलकीपर त्याच घरातला होता.

आता आयरिशची गोष्ट. सर लहानपणी बेळगावच्या एका बोर्डिंगमध्ये होते, तिथे एका म्हाताऱ्या परदेशी पाद्रीने त्यांना ती सांगितली होती, असं सर म्हणायचे. पाद्रीचं नाव काय ते मात्र कधी सांगितलं नाही. सराव संपला की आम्हाला सुरूच्या झाडांखाली बसवायचे आणि सुरू व्हायचे. आम्ही शंभर वेळा ऐकली असेल.

दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट. आयर्लंडात कापड विणणाऱ्यांची एक वाडी. तिथला एक मुलगा. बाप मागावर, आई मागावर, हा अनवाणी दगड लाथाडत फिरणारा. एक दिवस समुद्रापलीकडून दोन संघ फुटबॉल दाखवायला आले, आणि याने तो खेळ एकदा बघितला तो कायमचा. अठराव्या वर्षी तो इतका भारी खेळायला लागला की पलीकडच्या, म्हणजे इंग्लंडच्या, एका संघाने त्याला बोटीत घालून नेलं. तेव्हा पैसे घेऊन खेळणं म्हणजे मोठा गुन्हा. साहेब लोकांचा खेळ, हौसेने खेळायचा. म्हणून त्याला कागदोपत्री एका गिरणीत नोकरी. गिरणीचं दार त्याने कधी बघितलं नाही. शनिवारी सामना संपला की त्याच्या एका बुटात पगार असायचा, तो चिमटीत धरून दुसऱ्या बुटात टाकायचा आणि लंगडत घरी जायचा. लंगडत का, ते सर कधी सांगत नसत.

मग कोणीतरी पत्र लिहिलं. चौकशीला साहेब लोक बसले. विचारलं, गिरणीत काय करतोस? आता हा विणकराचा पोर, त्याला काय त्याचं. माग कसा चालतो, धोटा कसा फेकतात, धागा तुटला तर गाठ कशी मारतात, सगळं घडघडा सांगितलं. साहेब ऐकत राहिले. शेवटी एकाने विचारलं, ही गिरणी तर नुसतं सूत कातते, इथे एकही माग नाही, मग तू विणतोस कुठे?

इथे सर थांबायचे आणि आमच्याकडे बघायचे. "ज्याका जास्ती येता," म्हणायचे, "तोच पकडलो जाता."

त्याला दोन वर्षांची बंदी झाली. पोट भरायला त्याच गिरणीत खरोखर कामाला जावं लागलं. सुताचा कीस छातीत गेला. पण दोन वर्षांत नियमच बदलला. पैसे घेऊन खेळायला परवानगी मिळाली, आणि आमचा आयरिश उघड पगार घेणाऱ्या पहिल्या काही खेळाडूंतला एक झाला. परत आला तो मैदानात. पूर्वीइतका पळत नव्हता, खोकायचा, पण आला. आयर्लंडच्या संघातून खेळला, ढिगाने गोल खाऊन हरला, पुढे गुडघा गेला आणि एका दारूच्या गुत्त्यावर बसून म्हातारा झाला. "पण परत इलो," हे सर दरवेळी म्हणायचे. "दोन वर्सां घरी बसलो, आनि परत इलो."

हा माणूस खरंच होऊन गेला का? मी अलीकडे इंटरनेटवर शोधलं. त्याच्यासारखे चारपाच जण सापडले, पण सगळं जुळणारा एकही नाही. शंका घ्यायला भरपूर जागा आहे. मला मात्र शंका यायची ती दुसऱ्याच गोष्टीची. ते पत्र कोणी लिहिलं, ते सर दरवेळी वेगळं सांगायचे.

आता माझं. मी पैसे घेऊन खेळलो होतो. खोटं कशाला सांगू? त्या वर्षी ओरोसहून निवड करणारे आमच्या स्पर्धेला आले होते, जिल्ह्याच्या संघात माझं नाव लागलं होतं, आणि तिथून खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात भरती होता येईल असं सगळे म्हणत होते. घरात बाप नव्हता, आई दुसऱ्याच्या मळ्यात राबायची. अशा वेळी गोव्यातल्या एका गावाने निरोप पाठवला. एकच सामना, दुसऱ्याच्या नावाने खेळायचं, पैसे आणि वर नवे बूट. माझे बूट पुढून फाटले होते. मी गेलो. सोबत माझी पिशवी धरायला बाबलो होता. बाबलो म्हणजे माझा शेजारी, आमचा फुलबॅक, आणि पाचवीपासूनचा माझा जीव. आम्ही जिंकलो, बूट घेऊन परत आलो, आणि बाबल्याशिवाय ही गोष्ट देवबागेत कोणालाच ठाऊक नव्हती.

महिन्याभरात ओरोसहून बोलावणं आलं. टेबलावर पत्र, पत्राला जोडलेला जिंकलेल्या संघाचा फोटो, डावीकडून दुसरा मी. मी म्हटलं, हा मी नव्हे. ते हसले. दोन वर्षांची बंदी, निवड रद्द. घरी येऊन मी आईलाही तेच सांगितलं, की तो मी नव्हे, कोणीतरी जळून माझं वाटोळं केलं. आईने एका क्षणात विश्वास ठेवला. आणि विचारलं, कोणी?

मी तोंडाने नाव घेतलं नाही. फक्त बाबल्याच्या घराकडे बघितलं.

तेवढं पुरे झालं. आई भर दुपारी त्यांच्या गडग्याशी, म्हणजे दगडी कुंपणाशी, जाऊन उभी राहिली आणि तासभर जे बोलली ते लिहिता येणार नाही. बाबलो ओसरीवर उभा होता, मान खाली घालून. तो एक शब्द उलट बोलला नाही, आणि ती गोष्ट मला पुराव्यासारखी वाटली. पुढच्या सोमवारी आईने देवळात गाऱ्हाणं घातलं. गावच्या मानकऱ्याने सगळ्यांच्या वतीने देवाला सांगितलं, "बा देवा म्हाराजा, ज्या कोणी ह्या पोराच्या पोटार पाय दिलो आसात, तेच्या घासात खडो येवंदे," आणि जमलेले सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." सर रस्त्याच्या कडेला सायकल धरून उभे होते. किरिस्तांव असले तरी आमच्या देवळाच्या जत्रेला, गाऱ्हाण्याला ते नेहमीच थांबायचे. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं तेही आमच्यासोबत म्हणाले.

वर्षभरात बाबल्याचा बाप माडावरून पडला आणि कायमचा खाटेला खिळला. गावाने जे समजायचं ते समजून घेतलं. कोणी त्यांच्या घरी सत्यनारायणाला जाईना. बाबलो आंबोलीला मामाकडे निघून गेला, पुढे बापालाही तिकडे घेऊन गेला. दोन घरांमधल्या गडग्यावर माणूसभर गवत उगवलं.

मी नंतर खेळलो नाही. दोन वर्षं संपली, कोणी बोलावलं नाही, मीही गेलो नाही.

आणि बरोबर त्या गाऱ्हाण्यानंतर सर आमच्याकडे यायला लागले. दर रविवारी, चर्च सुटलं की, सायकलवर. ओसरीवर बसायचे, आई चहा आणि खाजं द्यायची, चहाचा कप आधी नाकाशी नेऊन हुंगायचे, मग प्यायचे. आणि मला आयरिशची गोष्ट सांगायचे. मला. पोरगं बावीस वर्षांचं झालं, तिशीचं झालं, लग्न झालं, होमस्टे झालं, तरी रविवारी सर आणि आयरिश. आई म्हणायची, "गावात एक माणूस आसा जो तुका इसारलो नाय." मला मात्र कळत नसे. हा माणूस कोणाकडे विनाकारण पाणीसुद्धा पीत नाही, मग आमच्याकडेच का? काय हवंय याला?

मी मनात यादी ठेवायला लागलो. कधी पत्र लिहिणारा त्याच्या संघाचा गोलकीपर असायचा, मत्सराने. कधी घरमालकीण, तिचं भाडं थकलं होतं म्हणून. एका पावसाळ्यात गिरणीचा रखवालदार होता. एक वर्षभर तर सख्खा भाऊ होता. मी एकदा टोकलंच, "सर, गेल्या रविवारी तर गोलकीपर होता." सर म्हणाले, "तुका काय करूचा आसा? तो मेलो." पण माणूस गोष्ट बदलतो तेव्हा काहीतरी लपवत असतो, हे मला होमस्टेच्या धंद्याने चांगलं शिकवलंय.

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. सर पंच्याहत्तरीला आले होते, सायकल हातात धरून चालत यायचे, बसत नसत तिच्यावर. आई आत होती. पत्राची जागा आली तसे सर थांबले. समुद्राकडे बघत म्हणाले, "पत्र लिवलान तेच्या मास्तरान."

मी म्हटलं, "मास्तर? इतक्या वर्सांत मास्तर खंय होतो गोष्टीत?"

"पयल्यापासून होतो," सर म्हणाले. "मी सांगूक नाय."

मग त्यांनीच सगळं सांगितलं, एका दमात, रजिस्टर वाचावं तसं. त्या गोव्यातल्या गावात त्यांची मावशी होती. फेस्ताला, चर्चच्या सणाला गेले, तर तिच्या मुलाच्या खोलीत तो फोटो. मला ओळखायला त्यांना क्षणभरही लागलं नाही. फोटो मागून घेतला. परत येऊन आधी बाबल्याला शाळेच्या मागे बोलावून विचारलं, हा खेळायला गेला होता का?

"तो माज्या तोंडार खोटां बोललो," सर म्हणाले. "नाय म्हणालो. देवाची शपथ घेतलान. तुज्यासाठी."

"आनि तुमी पत्र लिवलात."

"लिवलंय. तू खेळललंस. नियम म्हणजे नियम." मग आवाज खाली गेला. "माका वाटलां, दोन वर्सां. आयरिश दोन वर्सांनी परत इलो. तू पण येतलंस."

"मी आयरिश नाय, सर."

"व्हय," ते म्हणाले. "ता माका मागसून समाजलां."

मला राग पत्राचा आला नाही. खरं सांगतो, पत्र बरोबर होतं, ते मलाही ठाऊक होतं. माझं डोकं फिरलं ते दुसऱ्या गोष्टीने. मी विचारलं, "बाबल्याच्या नावान गाऱ्हाणा घातलां, तेवा तुमी थंय उबे होतास. बोललात कित्याक नाय?"

"भियालंय."

"देवाक?"

"तुज्या आवशीक," आई आत होती त्या दाराकडे बघत सर म्हणाले, आणि त्यात गंमत नव्हती. मग म्हणाले, "दर रविवारी ठरवन येय आनि चाय पिवन जाय."

मी त्यांना म्हटलं, जावा आता. ते उठले, सायकल घेतली आणि गेले. मला त्यांच्याबद्दल इतकी घृणा आणि इतकी दया एकदम कधीच वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तीन एसट्या बदलून आंबोलीला गेलो. खरं तर मी तिथे पन्नास वेळा गेलो असेन. पाहुण्यांना धबधबा दाखवायला न्यायचो, आणि बाबल्याच्या भजीच्या गाडीसमोरून काच वर करून पुढे जायचो. त्या दिवशी मी त्याच्यासमोर उभा राहिलो. केस पांढरे झाले होते, हात पिठात. मी म्हटलं, "बाबल्या, पत्र सरांनी लिवलांनी."

"माका ठावक आसा."

"कधीपासून?"

"सरांनी माका विचारल्यांनी, तेवापासून. आनि कोण लिवतलो?" त्याने कढईतली भजी झाऱ्याने उलटली.

"मगे माका सांगलंस कित्याक नाय?"

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "तू विचारलंस खंय? गावात सगळ्यांक विचारलंस. पोस्टमनाक विचारलंस, कंडक्टराक विचारलंस. माका विचारूक नाय. माज्याबद्दल तू ठरवन टाकलंस."

मी संशयी माणूस, प्रत्येकाला चार प्रश्न विचारल्याशिवाय सोडत नाही, आणि जो मला खरं सांगू शकला असता त्याला मी बावीस वर्षांत एकही प्रश्न विचारला नाही. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज पावसात उभं राहूनही कमी होईना.

"आयेक सांगलंस?" त्याने विचारलं. "तू खेळललंस, ता?"

"नाय."

"आदी तिका सांग. मगे हय ये." आणि तो गिऱ्हाइकाकडे वळला.

आई मागच्या पडवीत तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, फोडत बसली होती. मी समोर बसलो आणि सांगितलं. फोटोतला मीच होतो. पैसे घेतले, बूट घेतले. पत्र सरांनी लिहिलं. बाबलो माझ्यासाठी खोटं बोलला. तिचा हात एकदाही थांबला नाही. टोपलीतल्या सगळ्या तिसऱ्या फोडून झाल्या, मग हात धुतले, पदर सारखा केला आणि देवळात गेली, एकटीच. मला वाटलं आल्यावर मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

परत आली तेव्हा म्हणाली, "गाऱ्हाणा मागे घेतलंय." एवढंच. नंतरचे पाच दिवस माझ्याशी बोलली नाही.

रविवारी सर येणार नाहीत याची मला खात्री होती. ते आले, त्याच वेळी, सायकल धरून. आई दारातच उभी होती. चहा नव्हता, खाजं नव्हतं. सरांनी टोपी काढली. ती म्हणाली, "मास्तरांनू, उद्या सकाळची पयली एसटी. तू, मी आनि ह्यो. तिगांय जावया." ज्या माणसाला ती आयुष्यभर अहोजाहो करत आली त्याला ती 'तू' म्हणाली. सर म्हणाले, "येतंय."

सोमवारी मालवणला गाडी बदलली, सावंतवाडीला बदलली. तिघं एका बाकावर, आई मध्ये. घाट लागला, धुकं आलं, खिडकीतून पाणी येऊ लागलं. सरांनी चर्चला जायचा काळा कोट घातला होता. मला एकदा वाटलं, हा माणूस मधेच उतरून पळेल, म्हणून मी आईच्या मागून त्यांच्या बाहीवर नजर ठेवून होतो. ते पळाले नाहीत.

आंबोलीत बाबल्याच्या गाडीसमोर सातआठ पर्यटक कणसं खात उभे होते. आई त्यांच्यामधून घुसून थेट त्याच्यासमोर गेली. बावीस वर्षांपूर्वी गडग्याशी उभी राहून ज्या आवाजात बोलली होती, त्याच आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "बाबल्या, फोटोत ह्योच होतो. तू खरो, माजो झील खोटो. पत्र ह्या मास्तरान लिवलान. आनि तुज्या दारात येवन मी जा बोललंय, ता सगळा चुकलां." पर्यटकांची कणसं तोंडाशीच राहिली.

बाबल्याने गॅस बंद केला. हात पुसले, बाहेर आला आणि तिचा दंड धरला. "काकी, भिजतंस. भितर ये," म्हणाला. ताडपत्रीच्या आत एक खुर्ची होती, तिच्यावर तिला बसवलं, स्वतःचा टॉवेल तिच्या डोक्यावर टाकला. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी आत जायला पाऊल उचललं, तर सरांनी मागून माझा हात धरला. "ऱ्हव," म्हणाले. "आमका बोलवक नाय."

मी थांबलो. सरांच्या काखेत छत्री होती, पण ती त्यांनी उघडली नाही. कोटाच्या बाह्यांमधून पाणी गळत होतं. आत आई रडत होती आणि बाबलो तिच्यासमोर उकिडवा बसून काहीतरी सांगत होता, ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळाने सर हळूच म्हणाले, "बरोबर केलान तेणा."

आम्ही दोघं तसेच पावसात उभे राहिलो. परतीची गाडी चारला होती, आणि तेव्हा जेमतेम साडेअकरा वाजले होते.